परदेशी कंपनीला नास्कारमध्ये शिरायला नेमकं काय लागतं?

पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि कॉलेजच्या रेसिंग संघात इंजिन सांभाळणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: अमेरिकेतल्या मोटार शर्यती भरवणाऱ्या नास्कारच्या मुख्य मालिकेत शेवरोले, फोर्ड आणि टोयोटा एवढ्या तीनच कंपन्या का दिसतात? परदेशी कंपन्यांना तिथे बंदी आहे का? आणि टोयोटाला जमलं ते होंडा किंवा ह्युंदाईला का जमू नये?

बंदी नाही. टोयोटा आत कशी आली हे नीट पाहिलंस तर बाकीच्या कंपन्या कुठे अडतात तेही दिसेल, म्हणून उत्तराचा मोठा भाग टोयोटावरच आहे.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात ऑईल इंजिनाचे ब्लॉक ओतणाऱ्या एका फौंड्रीत शिकलो आणि २००३ पासून नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटच्या उत्तरेला मूर्सव्हिलच्या आसपास, शर्यतीच्या इंजिनांचे ब्लॉक मशीन करून देणाऱ्या एका लहान वर्कशॉपमध्ये काम करत आलो. कुठल्या संघाचा किंवा मोटार कंपनीचा पगार मी कधी घेतला नाही. टोयोटाचे ब्लॉक आमच्याकडे येत नसत. पण टोयोटा येतेय म्हटल्यावर आमची गिऱ्हाइकं काय काय मागायला लागली, ते मी लेथशेजारी उभा राहून पाहिलंय.

'परदेशी' हा शब्द या खेळात सोपा नाही. बिल फ्रान्स यांनी १९४८ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचला नास्कारची रीतसर स्थापना केली. पुढच्या वर्षी, १९ जून १९४९ ला, शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर 'स्ट्रिक्टली स्टॉक' मालिकेची पहिली शर्यत झाली. स्टॉक म्हणजे दुकानातून आणली तशीच गाडी. त्या शर्यतीत पहिल्या आलेल्या ग्लेन डनवे यांच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या, त्यांना बाद केलं आणि लिंकन चालवणारे जिम रोपर विजेते ठरले. तपासणीचा कडकपणा पहिल्या दिवसापासूनचा आहे, हे लक्षात ठेव. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट ही की परदेशी गाडी या मालिकेत फार लवकर जिंकली होती. १३ जून १९५४ ला न्यू जर्सीतल्या लिंडन विमानतळाच्या धावपट्ट्यांवर आखलेल्या रस्त्यावर शर्यत झाली. अंडाकृती ट्रॅक सोडून डावी-उजवी वळणं असलेली मुख्य मालिकेतली ती पहिली शर्यत. ती जिंकली अल केलर यांनी, जॅग्वार एक्सके १२० चालवून. गाडी होती प्रसिद्ध वाद्यवृंद संचालक पॉल व्हाइटमन यांच्या मालकीची. मैदानात आणखीही ब्रिटिश गाड्या होत्या. वळणांच्या रस्त्यावर हलक्या आणि चांगल्या ब्रेकच्या गाडीपुढे मोठ्या अमेरिकन सेडानचं काही चाललं नाही. पण एवढ्या विजयानंतरही जॅग्वारने तिथे बस्तान बसवलं नाही. खासगी मालक हौसेने गाडी आणत आणि हौस फिटली की जात. मागे कारखाना नव्हता, सुटे भाग नव्हते, दर आठवड्याला दक्षिणेतल्या मातीच्या ट्रॅकवर उतरायची तयारी नव्हती. मुख्य मालिकेतला परदेशी गाडीचा पुढचा विजय बघायला २००८ साल उजाडावं लागलं. मधली जवळजवळ ५४ वर्षं मोकळी गेली.

आता २००७ चं चित्र पाहा. मुख्य मालिकेत टोयोटाची कॅमरी पहिल्यांदा उतरली तेव्हा माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं संतापली होती. टोयोटा डेट्रॉइटचं, म्हणजे अमेरिकन मोटार कंपन्यांचं, पोट मारतेय, आणि आता आपल्या खेळातही आली, असं ते उघड बोलत. पण रस्त्यावर धावणारी कॅमरी केंटकीतल्या जॉर्जटाउनच्या कारखान्यात बनत होती. फोर्डची फ्यूजन मेक्सिकोतल्या एर्मोसिओत तयार होत होती. शेवरोलेची इम्पाला कॅनडातल्या ओशावाची, आणि डॉज चार्जर कॅनडातल्याच ब्रॅम्प्टनची. डॉजची मालक कंपनी तर १९९८ पासून जर्मनांच्या हाती होती, आणि २००१ मध्ये डॉज नास्कारमध्ये परतली ती त्याच मालकीखाली. त्या वेळी कोणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

म्हणजे लोकांचा राग खोटा होता का? नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये एक वयस्क मशिनिस्ट होते. त्यांचा भाऊ मिशिगनमधल्या एका कारखान्यात होता आणि त्याची पाळी बंद झाली होती. टोयोटाने मुख्य मालिकेत उतरण्याची घोषणा केली ती २३ जानेवारी २००६ ला, आणि त्याच महिन्यात फोर्डने १४ कारखाने बंद करण्याची आणि २५ ते ३० हजार नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर केली होती. त्या माणसाला जॉर्जटाउनचा नकाशा दाखवून काही उपयोग नव्हता. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्या तेव्हा लालबाग-परळमध्ये जे झालं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा राग परका वाटणार नाही. बड्या संघमालकांपैकी जॅक रॉश यांनी तर टोयोटाशी युद्धाला तयार असल्याची भाषा जाहीरपणे केली. नास्कारमध्ये शिरणाऱ्या कोणत्याही परदेशी कंपनीला हा राग अंगावर घ्यावाच लागतो, आणि तो जाहिरातींनी जात नाही. कसा गेला ते पुढे सांगतो.

आता तुझ्या विषयाकडे, म्हणजे इंजिनाकडे येऊ. मुख्य मालिकेचं इंजिन म्हणजे ३५८ घनइंची, म्हणजे साधारण ५.८६ लिटरचं व्ही-८. ब्लॉक बीडाचा. एकच कॅमशाफ्ट आणि तोही ब्लॉकच्या पोटात. तिथून टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत प्रत्येक सिलिंडरचे दोन व्हॉल्व्ह उघडायचे. २०११ च्या हंगामापर्यंत वर कार्ब्युरेटर होता, फ्युएल इंजेक्शन आलं २०१२ मध्ये. तुझ्या कॉलेजच्या गाडीला मोटरसायकलचं इंजिन असेल तर तेसुद्धा रचनेने यापेक्षा आधुनिक आहे. आणि तरी हे जुन्या बांधणीचं इंजिन मिनिटाला ९ हजारांच्या वर फेरे घेत तासन्‌तास पूर्ण ताकदीने पळतं. पुशरॉडची लवचीकता, स्प्रिंगची दमछाक, टॅपेट आणि कॅमचं घर्षण, या सगळ्यावर अनेक संघांनी पन्नास वर्षं खपून उत्तरं शोधली होती. ती पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती माणसांच्या डोक्यात होती, आणि ती माणसं शार्लटच्या शंभर किलोमीटरच्या परिघात राहत होती.

टोयोटाकडे त्या वेळी असं इंजिन नव्हतं. त्यांची रस्त्यावरची व्ही-८ इंजिनं ओव्हरहेड कॅमची, म्हणजे कॅमशाफ्ट वर व्हॉल्व्हजवळ असलेली, जास्त व्हॉल्व्हची. टोयोटाची अमेरिकेतली शर्यत शाखा, म्हणजे टीआरडी, कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला होती. तिथल्या लोकांनी इंडियानापोलिसच्या मालिकेत नाव कमावलं होतं. २००३ ची इंडी ५०० जिल डी फेरान यांनी टोयोटाच्या इंजिनावर जिंकली. अशा माणसांना बीडाचा ब्लॉक आणि पुशरॉड घेऊन कोऱ्या कागदावर बसायचं होतं.

ते थेट वरच्या वर्गात जाऊन बसले नाहीत, हे मला टोयोटाचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. २००० मध्ये ते नास्कारच्या डॅश मालिकेत आले. ही लहान गाड्यांची, दुय्यम मालिका. टीव्हीवर फार कोणी बघत नसे. तिथे रॉबर्ट हफमन यांनी २००३ चं विजेतेपद सेलिका चालवून मिळवलं. मग २००४ मध्ये टुंड्रा हा पिकअप घेऊन ट्रक मालिका. पहिला विजय त्याच वर्षी ३१ जुलैला मिशिगनला ट्रॅव्हिस क्वापिल यांचा. मिशिगन म्हणजे डेट्रॉइटच्या अंगणातला ट्रॅक, हे सांगायला नको. २००६ मध्ये टॉड बोडाइन ट्रक मालिकेचे विजेते झाले. तोवर टोयोटाची माणसं रिचमंड, मार्टिन्सव्हिल, डेटोना सगळीकडे तपासणीच्या रांगेत उभी राहून आली होती. अधिकाऱ्यांना ती नावाने ओळखत होती, आणि कुठला साचा गाडीच्या कुठल्या भागावर लावतात हेही त्यांना पाठ होतं. आमच्या फौंड्रीत नव्या पोराला आधी सहा महिने वाळू चाळायला लावत. त्यात कमीपणा मानणारा पोरगा टिकत नसे. टोयोटाने सहा-सात वर्षं वाळू चाळली.

तरीही २००७ वाईट गेलं. मुख्य मालिकेत त्यांच्यासोबत मायकेल वॉल्ट्रिप, रेड बुल आणि बिल डेव्हिस असे तीन संघ होते. यातले दोन नवेकोरे आणि एक मध्यम ताकदीचा. त्या काळी गुणतालिकेत (हंगामाच्या सुरुवातीला आदल्या वर्षीच्या) पहिल्या ३५ मध्ये असलेल्या गाड्यांना शर्यतीत जागा पक्की असे. बाकीच्यांनी वेळेवर पात्र व्हायचं. नव्या संघांकडे गुणच नसल्याने टोयोटाच्या गाड्या दर शुक्रवारी टांगणीला लागत. डेटोना ५०० च्या आधीच वॉल्ट्रिप यांच्या गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये इंधनात बाहेरून मिसळलेला पदार्थ सापडला. क्रू चीफना, म्हणजे गाडीच्या तांत्रिक प्रमुखांना, निलंबित केलं, एक लाख डॉलरचा दंड झाला आणि १०० गुण कापले. वॉल्ट्रिप यांची डोळ्यांत पाणी आणून मागितलेली माफी मी टीव्हीवर पाहिली. त्यानंतर कितीतरी आठवडे त्यांना शर्यतीत शिरताच आलं नाही. वर्षभरात एकही विजय नाही. हाताशी लागलेलं मोठं यश म्हणजे न्यू हॅम्पशरला डेव्ह ब्लेनी यांनी मिळवलेलं पहिलं पोल, म्हणजे पात्रता फेरीतला पहिला क्रमांक, आणि खालच्या बुश मालिकेत जेसन लेफलर यांचा जुलैमधला पहिला विजय.

त्याच वर्षी ब्रिस्टलपासून नास्कारने नवी सुरक्षित गाडी आणली, तिला सगळे 'कार ऑफ टुमॉरो' म्हणत. अनुभवी संघांनाही ती नव्याने शिकावी लागली. नवख्यांना जुनी आणि नवी अशा दोन गाड्या एकदम शिकायच्या होत्या. त्या वर्षी आमच्या भागात 'यांना जमणार नाही' असं म्हणणारे पुष्कळ भेटत, आणि मीसुद्धा मनातून तसंच समजत होतो.

वळण आलं सप्टेंबर २००७ मध्ये. जो गिब्स यांच्या संघाने शेवरोले सोडून टोयोटाकडे जायचं जाहीर केलं. हा तीन विजेतेपदं मिळवलेला संघ होता. त्यांचं स्वतःचं इंजिन खातं होतं, स्वतःची अनुभवी माणसं होती. मालक तर अमेरिकन फुटबॉलमधले मानाचे प्रशिक्षक, ज्यांच्याविषयी दक्षिणेतला कट्टर चाहताही आदराने बोलतो. गिब्स यांच्या लोकांनी टीआरडीचे भाग घेतले, पण सुरुवातीची चार वर्षं मुख्य मालिकेची इंजिनं स्वतःच्या खात्यातच बांधली. २०१२ मध्ये ते काम टीआरडीत विलीन झालं. म्हणजे कारखान्याचं संशोधन आणि शार्लटच्या मातीतला हात एका ठिकाणी आले. ९ मार्च २००८ ला अटलांटाला काइल बुश यांनी टोयोटाला मुख्य मालिकेतला पहिला विजय मिळवून दिला. त्या वर्षी बुश यांनी एकट्याने ८ शर्यती जिंकल्या.

इथे एक तुलना करावीशी वाटते. याच टोयोटाने २००२ ते २००९ फॉर्म्युला वनमध्ये जर्मनीत कोलोनला भलंमोठं केंद्र चालवलं आणि आठ हंगामांत एकही शर्यत जिंकली नाही. पैसा तिथे कमी नव्हता, इंजिनिअरही कमी नव्हते. फरक माझ्या मते हा, की फॉर्म्युला वनमध्ये संघ, चासी, इंजिन सगळं त्यांनी आपल्याच छपराखाली नव्याने उभारलं, आणि नास्कारमध्ये आधीपासून जिंकणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्यासोबत काम केलं.

आता ब्लॉकचा मुद्दा, कारण हा भाग मी हाताळलेला आहे आणि तुला तो कामाला येईल. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर, ज्याला आपण बोअर स्पेसिंग म्हणतो, ते ब्लॉकच्या जन्मालाच ठरतं. मशीनवर ते बदलता येत नाही. शेवरोलेच्या तेव्हाच्या शर्यतीच्या ब्लॉकमध्ये ते अंतर १९५५ च्या छोट्या व्ही-८ पासून चालत आलेलं होतं, ४.४० इंच. टोयोटाला असा वारसा नव्हता, म्हणून कोऱ्या कागदावर बसताना त्यांना नियमात बसेल तेवढं मोठं अंतर घेता आलं. याने काय होतं? दोन बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळ्यांच्या, मधली भिंत जाड ठेवता येते, तिच्यातून पाणी नीट फिरतं, बोअर तापून वेडावाकडा होत नाही, मग पिस्टन रिंगा हलक्या आणि पातळ वापरता येतात, घर्षण घटतं. आमच्याकडे त्या सुमारास अरुंद अंतराचे ब्लॉक येत, त्यात ओतताना कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा ठोकळा, केसभर जरी सरकलेला असला तरी दोन बोअरमधली भिंत एका बाजूला पातळ निघे आणि शर्यतीत तिथेच तडा जाई. आमच्या हातून असे दोन ब्लॉक तपासणीत सुटले होते. पाण्याचा दाब देऊन बघायला हवा होता, दिला नाही. गिऱ्हाइकाचं इंजिन अर्ध्या शर्यतीत बसलं. त्यानंतर प्रत्येक ब्लॉकची भिंत अल्ट्रासोनिकने मोजल्याशिवाय आम्ही बोअरिंग बार लावलेला नाही.

टोयोटाचा हा फायदा प्रतिस्पर्ध्यांनी ओळखला. शेवरोलेचं आर०७ इंजिन २००७ मध्ये आलं, फोर्डचं एफआर९ २००९ च्या अखेरीला. दोन्हींत अंतर वाढवलेलं. म्हणजे बाहेरून आलेल्या कंपनीने डेट्रॉइटला पन्नास वर्षांची मापं बदलायला लावली. बीडाचीही जात बदलत गेली. कॉम्पॅक्टेड ग्रॅफाइट आयर्न हे नाव तू फौंड्रीच्या अभ्यासक्रमात वाचलं असशील, तेच.

पण मधल्या काळात दुय्यम मालिकेत, म्हणजे आधीच्या बुश आणि तेव्हाच्या नेशनवाइड मालिकेत, गिब्स यांच्या टोयोटा इतक्या पुढे गेल्या की जुलै २००८ मध्ये नास्कारने रुंद अंतराच्या इंजिनांवर अरुंद भोकांचा स्पेसर बसवणं सक्तीचं केलं. कार्ब्युरेटरखालून जाणारी हवा घटली आणि पंधरा-वीस अश्वशक्ती गेली. नियमात नाव कुणाचं नव्हतं, पण तो कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळत होतं. ऑगस्टमध्ये मिशिगनला शर्यतीनंतर गाड्या डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, घेतल्या, तेव्हा गिब्स संघाच्या दोन्ही गाड्यांच्या गॅस पेडलखाली पाव इंच जाडीची चुंबकं सापडली. थ्रॉटल पूर्ण उघडू नये आणि इंजिन खरं आहे त्यापेक्षा अशक्त दिसावं, म्हणून लावलेली. माणसं निलंबित झाली, गुण गेले. मला या प्रकरणाची चीड आली होती, कारण स्पेसरचा नियम अन्याय्य वाटत असेल तर तो बैठकीत लढवायचा असतो.

याच्या उलट वागणूक २०१३ मध्ये दिसली. एप्रिलमध्ये कॅन्ससला गिब्स संघाचे मॅट केन्सेथ जिंकले आणि तपासणीत त्यांच्या इंजिनातला आठांपैकी एक कनेक्टिंग रॉड किमान वजनापेक्षा तीन ग्रॅम हलका निघाला. तीन ग्रॅम. शिक्षा जबर झाली, अपिलात कमी झाली. टीआरडीने त्याच आठवड्यात जाहीर सांगितलं की इंजिन आम्ही दिलं, चूक आमची, संघाचा यात हात नाही. माझ्या वर्कशॉपमधल्या त्या मशिनिस्टनी तो खुलासा वाचला. त्यानंतर ते टोयोटाबद्दल 'ते लोक' न म्हणता 'कोस्टा मेसावाले' म्हणायला लागले. मघाशी म्हटलेला राग असा गेला, हळूहळू. नॉर्थ कॅरोलिनातल्याच सॅलिसबरीत उभ्या राहिलेल्या टोयोटाच्या केंद्रात इथलीच पोरं नोकरीला लागली, शेजाऱ्याची मुलगी तिथे सिम्युलेशन करते हे कळलं, आणि जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांशी नीट वागणूक ठेवली.

पुढचे विजय थोडक्यात सांगतो. २०१५ मध्ये काइल बुश मुख्य मालिकेचे विजेते, टोयोटाचं पहिलं विजेतेपद. २०१६ ची डेटोना ५०० डेनी हॅमलिन यांनी सेकंदाच्या शंभराव्या भागाने घेतली, आणि त्याच वर्षी उत्पादकांचा किताब पहिल्यांदा एका अमेरिकेबाहेरच्या कंपनीकडे गेला. २०१७ मार्टिन ट्रूएक्स, २०१९ पुन्हा बुश. २०२१ मध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांनी हॅमलिन यांच्यासोबत संघ मैदानात उतरवला तोही टोयोटाचाच.

मग बाकीच्या कंपन्या? २०२२ मध्ये आलेली नवी गाडी खरं तर त्यांनाच बोलवायला होती. चासी एकाच पुरवठादाराचा, गिअरबॉक्स एक्सट्रॅकचा, चाकं बीबीएसची, बॉडी कंपोझिटची, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र. संघांना आता चासी बनवावाच लागत नाही. नव्या कंपनीला बॉडीचा आकार ठरवून तो विंड टनेलमध्ये ठरलेल्या मर्यादेत बसवून दाखवावा लागतो. एवढं सोपं केलं, तरी मी हे लिहितोय तोवर मुख्य मालिकेत चौथी कंपनी आलेली नाही. कारण इंजिन आजही ज्याचं त्याने करायचं आहे. व्ही-८, पुशरॉडच. होंडाचं अमेरिकेतलं शर्यत केंद्र कॅलिफोर्नियात आहे, इंडीकारमध्ये ते मुरलेले आहेत, पण तिथे इंजिन टर्बो व्ही-६ आहे. रस्त्यावरच्या त्यांच्या कुठल्याच गाडीला व्ही-८ नाही. नास्कारसाठी त्यांना शून्यापासून असं इंजिन करावं लागेल, जे त्यांच्या दुसऱ्या कुठल्याही कामात वापरता येणार नाही. संचालकांच्या बैठकीत हे मांडणाऱ्याची अडचण मी समजू शकतो. ह्युंदाईने आपल्या जेनेसिससाठी सहनशक्तीच्या शर्यतींचा, म्हणजे ल माँच्या कुटुंबाचा रस्ता निवडला. तिथे हायब्रिड चालतं आणि ते जगभर दाखवता येतं. युरोपीय कंपन्यांचंही साधारण तेच.

पिकअप बनवणाऱ्या रॅमचं उदाहरण मात्र बारकाईने बघ. जून २०२५ मध्ये त्यांनी २०२६ पासून ट्रक मालिकेत परतायचं जाहीर केलं, आणि सोबत कॉलिग संघ असेल हे नंतर सांगितलं. रॅम लोकांना अस्सल अमेरिकन वाटते, पण तिची मालक कंपनी स्टेलँटिस नेदरलँड्समध्ये नोंदलेली आहे. त्यांनी ट्रकच का निवडला? कारण ट्रक मालिकेत इल्मॉर या इंजिन कंपनीचं तयार इंजिन मिळतं. स्वतःचं इंजिन न बांधता बॉडी, संघ आणि माणसं घेऊन उतरता येतं. टोयोटानेही मुख्य मालिकेआधी ट्रकच धरला होता, फक्त त्या वेळी इंजिन स्वतःचं लागत होतं. आज एखाद्या परदेशी कंपनीने मला विचारलं तर मी हीच वाट सांगेन: तीन वर्षं ट्रक, तोवर इंजिनाची माणसं गोळा करा, आणि मुख्य मालिकेत येताना आधी जिंकलेला निदान एक संघ सोबत आणा. २००७ सारखे नवखे आणि मध्यम ताकदीचेच संघ घेऊन येऊ नका.

चौथी कंपनी येणार अशी बातमी तू दर सहा महिन्यांनी वाचशील. तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी तीन गोष्टी बघ. ती कंपनी कॉनकॉर्ड-मूर्सव्हिलच्या पट्ट्यात जागा घेतेय का. पुशरॉडवर आयुष्य घालवलेली माणसं रॉश-येट्स, हेंड्रिक किंवा चिल्ड्रेस यांच्या इंजिन खात्यांतून तिकडे जातायत का. आणि तिचे लोक नास्कारच्या तपासणीच्या रांगेजवळ शनिवार-रविवार उभे दिसतायत का, हातात वही घेऊन.

तुझ्यासाठी एक काम. पुण्यातून गाडीने तीन-चार तासांवर कोल्हापूरच्या शिरोलीतली एखादी फौंड्री बघून ये. ब्लॉकचा कोअर कसा बसवतात, वाळू कुठे ढिली राहते, वायू कुठून बाहेर काढतात, हे मोल्डरच्या शेजारी उभं राहून बघ, आणि शक्य झालं तर एक पाळी त्याच्यासोबत काम कर. पिस्टनचा वेग आणि व्हॉल्व्हची गणितं तुला कॉलेजात येतीलच. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांना मी एक फुटका ब्लॉक हातात देतो आणि तडा कुठून सुरू झाला ते विचारतो.